बिअरला नावं ठेवण्याआधी: चाखणं, नोंद आणि भटकंती

क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यात थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर, पिऊन ‘यात काय एवढं?’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला ती बिअर नीट आलेलीच नसते. त्यांनी चाखलेला असतो मे महिन्यातला ट्रक, दुकानाच्या दारातलं ऊन, दुधाचा ओशटपणा राहिलेला ग्लास आणि जिभेला बधिर करणारा गारठा. बनवणाऱ्याने काय केलं होतं ते या सगळ्याखाली दबून जातं. म्हणून नवशिक्याने सगळ्यात आधी शिकायचं ते बिअर आणि तिच्यावर ओढवलेले प्रसंग वेगळे काढायला. चव ओळखणं त्यानंतर.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक मद्यासाठी २५. शिवाय मद्यपानाचा परवाना लागतो, तो एक दिवसाचाही मिळतो. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. चाखायला जाताना गाडी घरी ठेवायची. ‘दोनच घोट घेणार आहे’ हा हिशोब तिसऱ्या ग्लासानंतर कुणालाच जमत नाही.

खरेदी: आधी तारीख, मग नाव

बाटली किंवा कॅन हातात घेतल्यावर प्रथम उत्पादनाची तारीख शोधा. बहुतेक बिअर वाइनसारखी ठेवून मुरत नाही, ती शिळी होते. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास मिरवणारी आयपीए (इंडिया पेल एल) किंवा पेल एल तीन महिन्यांच्या आतली घ्यावी. साधी लागर आणि गव्हाची बिअर चार-पाच महिन्यांपर्यंत चालते. जास्त अल्कोहोलची गडद स्टाउट वर्षभरही टिकते. आयात बाटलीवर फक्त ‘बेस्ट बिफोर’ची तारीख असेल आणि ती दोन महिन्यांवर आली असेल, तर नाव कितीही मोठं असलं तरी शिकण्यासाठी ती बाटली कामाची नाही.

तारखेपेक्षाही गरमी वाईट. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे: ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस ठेवली तर बिअरचं साधारण सारखंच नुकसान होतं. आता नागपूर किंवा जळगावचा उन्हाळा, आणि गोदामात रचलेली खोकी डोळ्यांपुढे आणा. एप्रिल ते जूनमध्ये शक्यतो अशाच दुकानातून घ्या जिथे माल आल्याबरोबर फ्रिजमध्ये जातो. दुकानदाराला सरळ विचारा, ‘मागचा साठा कुठे असतो?’ शेल्फवरची गरम बाटली घरी आणून गार केली म्हणजे ती ताजी होत नाही.

तिसरी गोष्ट उजेड. हॉप्समधून आलेल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा वास रबर जळल्यासारखा, थोडा मुंगसाच्या बिळासारखा येतो. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. दिव्यांनी झगझगणाऱ्या काचेच्या फ्रिजमधली पुढच्या रांगेतली हिरवी बाटली सोडा आणि मागची मागा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

पहिल्या बैठकीसाठी सहा प्रकार पुरे: पिल्सनर (फिकी सोनेरी लागर) किंवा साधी लागर, विटबिअर, हेफेवाइझन, पेल एल, आयपीए आणि स्टाउट. विटबिअर ही बेल्जियन गव्हाची बिअर, हिच्यात धने आणि संत्र्याची साल असते. होगार्डन भारतात सहज मिळते. हेफेवाइझन जर्मन, तिच्यात केळं आणि लवंग यांचा वास येतो, पण ही दोन्ही तिच्यात घातलेली नसतात. तो सगळा यीस्टचा उद्योग. या दोघी भारतीय टॅपरूममध्ये, म्हणजे जिथे बिअर थेट नळातून मिळते तिथे, सगळ्यात जास्त खपतात आणि लोक दोघींनाही सरसकट ‘व्हीट’ म्हणतात. पहिल्याच दिवशी त्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्या तर हा घोळ कायमचा मिटतो.

‘स्ट्राँग’ हा शब्द प्रकार सांगत नाही. भारतीय नियमांत ५ टक्क्यांहून जास्त आणि ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर स्ट्राँग, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशोबाने बहुतेक आयपीए स्ट्राँगच भरतात, आणि पुष्कळ आयरिश स्टाउट काळ्याकुट्ट असूनही सौम्य. रंगावरून नशेचा अंदाज बांधू नका.

ग्लास, हवा आणि तापमान

प्रत्येक प्रकाराचा वेगळा ग्लास असतो हे खरं, पण सुरुवातीला त्यावर पैसे घालवू नका. तोंडाशी थोडा आत वळलेला, २५० ते ३०० मिलिचा काचेचा ग्लास सगळ्यांना चालतो. वाइनचा ग्लासही उत्तम. स्टीलचा पेला चव बिघडवत नाही, पण रंग आणि फेस दिसत नाही.

ग्लास स्वच्छ असणं मात्र अटळ. ज्या ग्लासातून दूध, ताक किंवा लस्सी प्यायली जाते तो बिअरसाठी वापरू नका. स्निग्धांश राहिला की फेस बसतो. बिनवासाच्या साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि पालथा घालून वाळू द्या. फडक्याने पुसलात तर फडक्याचा वास आणि धागे ग्लासात येतात. तपासायचं असेल तर ग्लास आतून ओला करून त्यात चिमूटभर मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ; जिथे चिकटलं नाही तिथे तेल आहे.

ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. त्यावर बर्फाचा थर येतो, तो वितळून बिअर पातळ होते, फेस भसाभस येतो आणि वास गायब होतो. ओतण्याआधी फक्त गार पाण्याने विसळून घ्या.

तापमानासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्या, निदान पहिले काही दिवस. लागर आणि पिल्सनर ४ ते ७ अंश, गव्हाच्या बिअर ६ ते ८, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३. फ्रिजमधून काढलेली बाटली ३-४ अंशांवर असते, म्हणजे स्टाउटसाठी फारच गार. आपल्याकडच्या खोलीत ती पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. ‘एकदम चिल्ड’ बिअरमध्ये दोष लपतात तसे गुणही लपतात. जाहिराती बर्फाचे डोंगर का दाखवतात, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे.

खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणीचा वास नको. पान, गुटखा, पुदिन्याची टूथपेस्ट यांनंतर तासभर तरी थांबा. जीभ सगळ्यात तल्लख असते ती जेवणाआधी, सकाळी अकराच्या सुमारास. ते शक्य नसेल तर संध्याकाळी खाण्याच्या आधी बसा. सोबत साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा पाव. चिवडा, खारे दाणे, शेव हे सगळं नंतर. ओठाला लागलेलं फरसाणाचं तेल ग्लासाच्या कडेवरून उतरतं आणि फेस मारतं, हे डोळ्यांदेखत दिसतं.

प्रमाण: प्रत्येकाला प्रत्येक बिअर १०० मिलि. सहा प्रकार म्हणजे ६०० मिलि, नेहमीच्या ६५० मिलिच्या एका बाटलीपेक्षाही कमी. सरासरी ५ टक्के धरली तर यात ३० मिलि, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. सहानंतर सातवी उघडू नका. तोवर नाक थकलेलं असतं आणि तिची नोंद खोटी पडते. क्रम फिक्याकडून गडदाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आयपीए आधी घेतलीत तर नंतरची विटबिअर पाण्यासारखी लागेल, आणि दोष बिचाऱ्या विटबिअरला लागेल.

ओतणं

ग्लास ४५ अंशांत तिरपा धरा, बिअर कडेवर सोडा. अर्ध्याहून थोडा जास्त भरला की सरळ करा आणि मधोमध ओता, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर फेस येईल. फेस येऊ न देता काठोकाठ भरण्यात कौशल्य आहे असं आपल्याकडे मानतात. खरं तर त्याने गॅस बिअरमध्येच अडकतो, पोट फुगतं आणि वास वर येत नाही.

हेफेवाइझन बाटलीतून ओतताना शेवटची दोन बोटं राखा, बाटली गोल फिरवून तळाचा गाळ हलवा आणि मग तो फेसावर ओता. तो गाळ म्हणजे यीस्ट, खराबी नव्हे. पिल्सनरच्या तळाशी गाळ दिसला तर मात्र भुवई उंचवा.

चाखणं

नाक आधी, कारण हॉप्सचे आणि गंधकाचे हलके वास पहिल्या मिनिटातच उडतात. ओतल्याबरोबर ग्लास नाकाखालून एकदा सरकवून न्या. मग दोन-तीन छोटे हुंगे. लांब श्वास ओढू नका. नाक लगेच सरावतं आणि काहीच येईनासं होतं. सरावलंच तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ताळ्यावर येतं. वास दबलेला असेल तर ग्लासावर तळहात झाकून हलकेच फिरवा आणि पुन्हा हुंगा.

मग पाहा. रंग पांढऱ्या कागदासमोर धरून: पेंढ्यासारखा, सोनेरी, मधासारखा, तांब्यासारखा, तपकिरी, काळा. गढूळ की पारदर्शक? फेस किती वेळ टिकतो? पिताना ग्लासाच्या आतून फेसाची जाळी राहते का? जाळी राहिली तर ग्लासही स्वच्छ आणि बिअरही निरोगी.

घोट छोटा नको, तोंडभर हवा आणि तो गिळायचा. वाइन चाखणारे थुंकतात. बिअरमध्ये गिळतात, कारण कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर आणि गिळल्यानंतर नीट कळतो. गिळताना तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. अर्धी चव तिथेच सापडते. चार गोष्टी विचारा: गोड किती, कडू किती, आंबट आहे का, आणि तोंडात जड लागते की हलकी. शेवटी दहा सेकंद थांबा. मागे काय उरलं? कोरडेपणा, पावाची कड, कॉफी, की नुसती चिकट गोडी?

शब्द सापडत नाहीत ही सगळ्यांचीच अडचण. परदेशी तक्त्यांत ‘ग्रेपफ्रूट’, ‘गूजबेरी’ असे वास दिलेले असतात, ते ज्याने कधी हुंगले नाहीत त्याला निरुपयोगी. आपल्या घरातले शब्द वापरा. फिक्या माल्टला (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) ग्लुकोज बिस्किट, राजगिऱ्याची लाही, ताज्या पिठाचा वास. थोड्या भाजलेल्या माल्टला पावाची कड, भाकरीचा खरपूस पापुद्रा. कॅरॅमल माल्टला चिक्की, गुळाचा पाक, खजूर. काळ्या माल्टला कॉफी, करपलेले दाणे. अमेरिकन हॉप्सना पपनस, संत्र्याची साल, पिकलेला पेरू, लिची, कधी आंब्याचा चीक. झेक साझ हॉप्सना सुकं गवत आणि मिरीचा हलका झणका. गव्हाच्या बिअरमध्ये लवंग जास्त की केळं, एवढं सांगता आलं तरी यीस्ट कोणत्या तापमानाला काम करत होतं त्याचा अंदाज येतो: साधारणपणे गरमीत केळं वाढतं, गारव्यात लवंग उठून दिसते.

दोष आणि त्यांचं मूळ

हा भाग नवे लोक टाळतात आणि तिथेच अडकतात. ‘आवडली नाही’ आणि ‘बिघडलेली आहे’ यांतला फरक कळेपर्यंत कुणाच्याही बिअरबद्दल जाहीर मत देऊ नये.

लोणी, बटर पॉपकॉर्न किंवा बटरस्कॉच: डायअसेटिल. आंबवण्याच्या वेळी हे तयार होतंच. यीस्टला शेवटी दोन-तीन दिवस जास्त मिळाले तर तेच ते परत शोषून घेतं. टाकी रिकामी करायच्या घाईत हे दिवस कापले जातात. अस्वच्छ पाइपमध्ये वाढलेले जिवाणूही हेच करतात. झेक पिल्सनर आणि काही इंग्लिश एलमध्ये याची अगदी हलकी छटा चालते, इतरत्र नाही.

उकडलेलं मक्याचं कणीस, कोबीचं पाणी: फिक्या माल्टमधून येणारं गंधकाचं संयुग. रस उकळताना ते वाफेबरोबर उडून जायला हवं. झाकण ठेवून किंवा अर्धवट उकळलं तर राहतं. फिक्या लागरमध्ये चटकन कळतं.

हिरवं सफरचंद, ओल्या रंगाचा वास: बिअर पुरती तयार होण्याआधीच काढली.

ओला पुठ्ठा, जुनी वही, मग शिळा मध: ऑक्सिजन आणि गरमी. भारतीय दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांत हा दोष सगळ्यात जास्त भेटतो, आणि त्यात बनवणाऱ्याचा हात बहुधा सगळ्यात कमी असतो.

दवाखान्यातली पट्टी, आयोडिन: पाण्यातलं किंवा धुण्यातलं क्लोरीन. व्हिनेगर: जंतुसंसर्ग, अनेकदा नळाच्या तोंडाशी. घामट मोजे, जुनं चीज: शिळे हॉप्स. गंजलेला खिळा: मनगटावर एक थेंब चोळून हुंगा, लोखंड असेल तर तिथे स्पष्ट येतं.

हे सगळं वाचून पाठ होत नाही, घरी करून बघावं लागतं. एकच लागर दोन पारदर्शक ग्लासांत ओता. एक कपाटात, दुसरा दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं. दोन्ही पुन्हा गार करून हुंगा. उजेडाने काय होतं ते आयुष्यभर विसरणार नाही. दुसरा प्रयोग उन्हाळ्यातला: एकाच तारखेचे दोन कॅन, एक फ्रिजमध्ये, एक माळ्यावर. चार आठवड्यांनी माळ्यावरचा कॅन दिवसभर फ्रिजमध्ये ठेवून दोन्ही एकत्र उघडा. तिसरा: ५०० मिलि लागरमध्ये अर्धा चहाचा चमचा पांढरं व्हिनेगर. बटरसाठी मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नची पुडी, मक्यासाठी डबाबंद स्वीटकॉर्नचं पाणी शेजारी ठेवून हुंगलं तरी पुरतं.

एका प्रकारातला दोष दुसऱ्यात गुण असतो. लवंग पिल्सनरमध्ये आली तर टाकी दूषित. हेफेवाइझनमध्ये नसेल तर बिअर चुकली. गोजे किंवा लँबिक या मुळातच आंबट असणाऱ्या बिअर पहिल्यांदा पिऊन ‘नासली आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रकार माहीत नसताना दोष काढायचा नाही.

टॅपरूममध्ये

पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झालं आणि महाराष्ट्रात टॅपवरच्या ताज्या बिअरची सवय लागायला सुरुवात झाली. (नावाचं मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे, तिथल्या लष्करी छावणीवरून इंग्रज सैनिकांनी ‘वेडा’ या अर्थाने तो शब्द रूढ केला.) आता मुंबई-पुण्यात निवड भरपूर आहे. जागा कुठलीही असो, पद्धत एकच.

गर्दी नसताना जा, म्हणजे विचारता येतं. मोठा ग्लास लगेच मागू नका. आधी ३०-६० मिलिचे नमुने किंवा चार-सहा छोट्या ग्लासांची फळी मागा. तीन प्रश्न पुरतात: ही टाकी किंवा केग (पिंप) कधी लावली? यातली सगळ्यात जास्त खपणारी कोणती? पाइप शेवटचे कधी धुतले? अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनची (बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेची) शिफारस दर १४ दिवसांनी अल्कलीने पाइप धुण्याची आहे. उत्तर तत्काळ आलं तर जागा चांगली. ‘रोज धुतो’ असं फार पटकन आलं तर ग्लास नीट बघा.

कडेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास मळका आहे, दुसरा मागा. बटर किंवा आंबूस वास आला तर लगेच बिअरवर शिक्का मारू नका, शेजारच्या नळाची चाखा. तोच वास दोन-तीन वेगवेगळ्या बिअरमध्ये आला तर पाइप दोषी. एकाच बिअरमध्ये असेल तर टाकी. दुकान उघडल्यावरचा पहिला ग्लास रात्रभर पाइपमध्ये राहिलेल्या बिअरचा असतो, तो टाळा. आणि दोष सांगायचाच तर हळू आवाजात, ग्लास अर्धा संपायच्या आत. पूर्ण पिऊन तक्रार करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, ऐकूही नये.

नोंद

नोंद पिताना करा, दुसऱ्या दिवशी नाही. वर पाच गोष्टी: नाव, प्रकार, कॅन-बाटली-टॅप, उत्पादनाची तारीख, तापमान. मग नाक, डोळा, जीभ, अंग (तोंडात जड की हलकी), मागे उरलेलं. ब्रूअरने काय लिहिलंय ते आधी वाचू नका. ‘पॅशनफ्रूट’ वाचलं की पॅशनफ्रूट येतोच.

नमुना असा:

‘विटबिअर, टॅप, ३०० मिलि, साधारण ७ अंश. वास: संत्र्याची साल, मागून ठेचलेले धने, गरम होताना किंचित साबण. रंग लिंबू सरबताचा, गढूळ. फेस बोटभर, चार मिनिटांत पातळ, जाळी राहिली. चव: गव्हाची मऊ, मध्ये धने, शेवट कोरडा, कडवटपणा नावापुरता. अंग हलकं, गॅस भरपूर. धने थोडे जास्त पडलेत. ग्लास बदलूनही साबण राहिला, म्हणजे तो ग्लासाचा नाही. दुपारच्या जेवणाबरोबर पुन्हा घेईन.’

शेवटून दुसरं वाक्य बघा. अशी तपासणी ज्या नोंदीत असते तिच्यावर विश्वास बसतो. ‘अप्रतिम, रिफ्रेशिंग, नक्की ट्राय करा’ यातून वाचणाऱ्याच्या हाती काही पडत नाही.

गुण द्यायचे असतील तर बीजेसीपी या परीक्षक संस्थेची ५० गुणांची विभागणी घ्या: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. रूपाला तीनच गुण आहेत हे लक्षात ठेवा; फोटोत सुंदर दिसणारी बिअर तिथेच संपते. अनटॅप्ड या अ‍ॅपवर पाचपैकी तारे देतात. नोंदवही म्हणून ते सोयीचं आहे, पण तिथली सरासरी जड स्टाउट आणि गढूळ आयपीएकडे झुकते, आणि निर्दोष पिल्सनर बिचारी साडेतीनच्या आसपास रेंगाळते. बनवायला अवघड कोणती, असं विचाराल तर पिल्सनर. तिच्यात चूक लपवायला जागाच नसते. कमी गुण देण्याआधी तीच बिअर दुसऱ्या दिवशी, शक्य तर दुसऱ्या जागी पुन्हा घ्या.

भटकंती

पहिली सहल पुणे किंवा बंगळुरूची करा. बंगळुरूत इंदिरानगरचं टॉइट, आर्बर ब्रूइंग कंपनी, व्हाइटफील्डचं विंडमिल्स अशी एकाच शहरात वेगवेगळ्या वळणाची ठिकाणं आहेत. दिवसाला दोनच जागा, प्रत्येकी एक फळी, मध्ये पोटभर जेवण आणि मेट्रो किंवा रिक्षा. दिवसाला पाच जागा करणाऱ्याला संध्याकाळी पहिल्या दोनच आठवतात. निघण्याआधी ड्राय डे तपासा: २ ऑक्टोबर देशभर, महाराष्ट्रात आषाढी आणि कार्तिकी एकादशीही, शिवाय मतदान आणि मतमोजणीचे दिवस. गोव्याहून येताना डिकीत कॅन भरून आणायचा मोह आवरा. गोव्यातलं मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात.

युरोपला जायचं ठरलं तर म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टपासून सुरुवात करू नका. तिथे एका लिटरच्या मगातून एकाच धाटणीची बिअर मिळते, भाव आणि गर्दी दोन्ही आभाळाला. शिकायला जर्मनीतलंच बाम्बेर्ग चांगलं. न्यूर्नबर्गहून रेल्वेने तासाभराच्या आत. तिथल्या श्लेंकेर्ला आणि स्पेत्सियाल या घरांत राउखबिअर मिळते, बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची. पहिल्या घोटाला लोक दचकतात. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आवडत असेल तर तुमची अर्धी ओळख आधीच झालेली आहे. निदान एक पूर्ण ग्लास पिऊन मग मत बनवा, कारण धुराला नाक सरावल्यावरच खालचं माल्ट दिसतं. शाकाहारी असाल तर ब्रेत्सेल (खारा पाव), चीजचा ओबाट्स्डा आणि केझेश्पेत्स्ले (चीज घातलेल्या शेवया) यांवर भागतं. छोट्या ब्रूअरीजचा आठवड्यातला सुटीचा दिवस असतो, ‘रुहेटाग’. तो आधी बघा, नाहीतर गावापर्यंत जाऊन बंद दार पाहाल. रविवारी दुकानंही बंद असतात.

कोलोनमध्ये क्योल्श ही तिथली बिअर २०० मिलिच्या सडपातळ ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता नवा ठेवतो आणि तुमच्या कोस्टरवर रेघ मारतो. थांबायचं असेल तर कोस्टर ग्लासावर झाकायचा. हे माहीत नसलेले पाहुणे भिडेखातर पीत राहतात.

चेकियातलं प्ल्झेन प्रागहून रेल्वेने सुमारे दीड तासावर. १८४२ मध्ये बव्हेरियन ब्रूअर योजेफ ग्रोल याने तिथे पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. कारखान्याच्या फेरीत तळघरातल्या ओकच्या पिंपातली न गाळलेली बिअर देतात. बाटलीतल्या बिअरशी ताडून पाहायला याहून चांगली संधी नाही. झेक बारमध्ये ‘म्लीको’ मागितलं की जवळजवळ सगळा फेसाचाच ग्लास येतो. फसवलं नाही, तो फेस घट्ट, ओलसर आणि गोडसर असतो, आणि खाली बसायच्या आत एका दमात प्यायचा असतो. चेकियामध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे.

परत येताना भारतात मद्य २ लिटरपर्यंत करमुक्त आणता येतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. निघण्याआधी सीमाशुल्काचा चालू नियम बघून घ्या. शेवटच्या दिवशी, शक्यतो ब्रूअरीतूनच घ्या. जर्मनीत बाटलीमागे अनामत घेतात, ती अर्थात परत मिळणार नाही. प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत, कडेला नको. सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे दाबाने बाटली फुटत नाही. फुटते ती आपटून. घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. हेफेवाइझन आणि गाळ असलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये दोन दिवस उभ्या ठेवा, मगच मित्रांना बोलवा.